मला त्यांच्यातली व्हायचंय

पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका २६ वर्षांची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. कॉलेजात असताना बोटांच्या टोकांवर पांढरे डाग आले, पुढे ओठांच्या कडेला आणि कोपरांवर. डॉक्टरांनी कोड असल्याचं सांगितलं. रोज सकाळी डाग झाकायचं क्रीम लावण्यात तिचा पाऊण तास जातो. ऑफिसातल्या चौघीजणी दुपारी एकत्र डबा खातात. हात धुतले की रंग जाईल म्हणून ही त्यांचं आटोपल्यावर एकटी, चमच्यानं जेवते. मध्यंतरी एक दिवस क्रीम नव्हतं, तेव्हा एका वयस्कर खातेदारानं ‘पैसे त्या दुसऱ्या बाईंच्या हातून द्या’ असं सांगितलं. शेजारच्या काउंटरवरच्या ताईंनी काही न बोलता पैसे दिले. पावसाळ्यात चौघी भंडारदऱ्याला जाऊन आल्या. हिला कुणी विचारलंच नाही, फोटो स्टेटसवर दिसले. घरी आईनं दही-ताक बंद केलं आहे. धाकट्या बहिणीचं लग्न होईपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी आईची ताकीद आहे. ती विचारते, ‘मला वेगळं नाही राहायचं, मला त्यांच्यातली व्हायचंय. डाग जाईपर्यंत थांबू की सांगून टाकू? आणि सांगितल्यावर त्यांनी आपले डबे बाजूला ओढले तर?’

प्रिय मैत्रिणी,

‘लोकांचा एवढा विचार करू नये हे कळतं मला’ असं तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस, जणू चौघींबरोबर जेवावंसं वाटणं हा गुन्हाच आहे. मला तसं मुळीच वाटत नाही. दिवसभर ज्यांच्या शेजारी बसायचं, त्यांनी आपल्याला ‘ये गं, बस’ म्हणावं ही अगदी साधी गरज आहे. ज्यांना चारचौघांत जागा मिळालेली असते त्यांना ‘लोकांकडे लक्ष देऊ नकोस’ म्हणणं सोपं जातं. तेव्हा ही ओढ मनातून काढून टाक, असं मी सांगणार नाही. ती पुरी कशी होईल ते बघू.

आधी त्या खातेदाराबद्दल. ते बोलले ते चूकच होतं आणि तुला ते लागलं यात नवल नाही. ‘म्हातारं माणूस, सोडून दे’ असं तुला कुणी म्हटलं असेल तर मी त्यांच्याशी सहमत नाही. कोड संसर्गानं होत नाही. हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एकमेकींचा टॉवेल वापरल्यानं, नोटांवरून, कशानंही ते दुसऱ्याला लागत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, त्या पेशी नष्ट होतात आणि तेवढ्या जागेचा रंग जातो. जगात दर शंभर माणसांमागे साधारण एकाला हे होतं. तुमच्या पतसंस्थेच्या खातेदारांतही अशी माणसं असणार आणि त्यांतली काही हात खिशात घालूनच रांगेत उभी राहत असतील.

त्या गृहस्थांच्या मनात बहुधा कुष्ठरोग असावा. ही गल्लत फार जुनी आहे. चरकसंहितेतसुद्धा या डागांची, म्हणजे श्वित्राची, चर्चा कुष्ठाच्या अध्यायातच येते, आणि खेड्यापाड्यांत आजही लोक ‘पांढरं कुष्ठ’ म्हणतात. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. (कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि ज्यांना तो झाला त्यांनाही असं वागवायचा कुणाला हक्क नाही.)

पण त्या दिवशी पुढे जे झालं, त्याकडे मला तुला परत न्यायचं आहे. शेजारच्या ताईंनी एक शब्द न बोलता पैसे मोजले, शिक्का मारला, पासबुक परत दिलं आणि नंतर तो विषय कधी काढला नाही. तू लिहितेस, ‘त्यांनाही किळस आली असणार.’ कशावरून? त्यांनी खुर्ची सरकवली का? तुझ्या हातातलं पेन घ्यायचं टाळलं का? तसं काही झालं असतं तर तू लिहिलं असतंस, कारण बाकी सगळं तू बारकाईनं लिहिलं आहेस, अगदी त्यांनी त्या दिवशी अबोली रंगाची साडी नेसली होती हेसुद्धा. पत्रात आहे ते एवढंच की त्या गप्प राहिल्या. काय बोलावं ते सुचलं नसेल. तुला आणखी ओशाळं व्हायला नको, असं वाटलं असेल. जी गोष्ट तू इतक्या कसोशीनं झाकतेस तिच्याबद्दल आपण बोललेलं तुला आवडणार नाही, असा त्यांचा समज असेल. किळसही असू शकते, ती शक्यता मी नाकारत नाही. पण तुला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखी तू त्यांच्याशी वागते आहेस.

शिवाय, कुणाला माहीत नाही असं जे तू धरून चालली आहेस, ते मला पटत नाही. नोटा मोजायला बोट ओल्या स्पंजवर टेकवावं लागतं, आणि दुपारपर्यंत तो स्पंज तपकिरी होतो, हे तूच लिहिलं आहेस. तो स्पंज तुझ्या नि त्यांच्या काउंटरच्या मधे असतो. ट्यूबलाइटच्या उजेडात क्रीमचा रंग कातडीपेक्षा जरा वेगळा दिसतोच. पाचजणींचं ऑफिस, दोन वर्षांची सोबत. अगं, त्यांनी पाहिलेलं असणार. त्यांनी पाहिलेलं असूनही रोज सकाळी तुझ्याकडून कॅश घेतात, तुझ्याशी हिशेब जुळवतात, तुझ्या हातचं व्हाउचर सहीला नेतात. त्यांना कळलं नसेल ते हे, की तू एकटी का जेवतेस.

क्षणभर त्यांच्या बाजूनं बघ. दुपारी डबे उघडले की ही उठून जाते. याआधी सहलीला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हिनं काहीतरी कारण सांगितलं. कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की हिचा तुकडा कागदात गुंडाळलेला. अशा मुलीबद्दल ऑफिसात काय मत होतं? शिष्ट आहे, हिला आपल्यात मिसळायचं नाही. भंडारदऱ्याला जाताना विचारलं नाही, ते ‘नाहीतरी ती नाहीच म्हणणार’ म्हणूनही असेल. हे मी तुझ्यावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. कातडीवरून बोलणी ऐकलेलं माणूस आधीच अंतर ठेवतं, पुन्हा कुणी दुखवू नये म्हणून. तू स्वतःला जपत होतीस. पण तुझ्या जपण्याचा अर्थ समोरच्या चौघींनी ‘आम्ही हिला नको आहोत’ असा लावला असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही बाजूंना वाटतं आहे की पलीकडचीला आपण नकोत.

आता तुझा सरळ प्रश्न : डाग जाईपर्यंत थांबू का?

उपचार जरूर घे, पण बाकीचं आयुष्य त्यांच्यावर टांगून ठेवू नकोस. चेहऱ्या-मानेवरचे डाग उपचारांना बरी दाद देतात. बोटांची टोकं आणि ओठ ही मात्र सगळ्यात हट्टी ठिकाणं. नवा रंग बहुतेक वेळा केसांच्या मुळांपासून परतायला लागतो आणि तिथे केसच नसतात. नॅरोबँड यूव्हीबीचा प्रकाशोपचार आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने घ्यावा लागतो. टॅक्रोलिमससारखी मलमं आहेत, डाग बराच काळ वाढले नाहीत तर रंगपेशींच्या रोपणाची शस्त्रक्रियाही करतात, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं रक्सोलिटिनिब या मलमाला खास कोडासाठी मान्यता दिली. म्हणजे या आजारावर काम चालू आहे, आशा ठेवायला जागा आहे. पण तुझ्या बोटांचा रंग कधी आणि किती परत येईल, याची तारीख कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. ‘तीन महिन्यांत शंभर टक्के’ असं भिंतीवर रंगवणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडे नियमित जा. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही त्वचारोग विभाग असतो. थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घे, कारण कोड असलेल्यांत थायरॉइडच्या तक्रारी जास्त आढळतात.

आणि ते बावचीचं तेल लावून गच्चीवर उन्हात बसणं आजपासून थांबव. बावचीत सोरॅलेन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीला उन्हाबाबत फार हळवं करतं. वैद्यकात त्याचा उपयोग करतात, पण मात्रा आणि प्रकाश दोन्ही मोजून. घरी अंदाजानं लावलं की भाजतं, फोड येतात, आणि कोडात जिथे इजा होते तिथे नवा डाग उठू शकतो. त्याच कारणासाठी घट्ट पट्ट्यांच्या चपला, काचणारी इलास्टिकं टाळ, आणि डागांवर सनस्क्रीन लाव, कारण रंग नसलेली कातडी लवकर भाजते. चिकट टिकलीही नको. काही टिकल्यांच्या मागच्या चिकट थरातल्या रसायनानं कपाळावर टिकलीएवढाच पांढरा गोल उठलेल्या बायका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमी येतात.

मी उपचारांवर एवढं लिहिलं, तरी माझी खरी शंका दुसरीच आहे. समजा क्रीम इतकं चांगलं मिळालं की कुणाला कधीच कळलं नाही, आणि चौघींनी तुला जवळ केलं. एखादी म्हणाली, ‘किती गोड आहेस गं तू.’ तुझ्या मनात त्याच क्षणी काय येईल? हिला माझे हात दिसले तर? म्हणजे ती माया तुझ्यापर्यंत पोचणारच नाही, क्रीम लावलेल्या मुलीपाशीच थांबेल. त्या अधूनमधून चांगलं बोलतात पण मला खरं वाटत नाही, असं तू लिहिलं आहेस. त्याचं मूळ मला इथे दिसतं. तुला हवं आहे ते आपलं म्हणणं, आणि त्यासाठी ज्याला आपलं म्हणायचं ते माणूस आधी समोर यावं लागतं.

याचा अर्थ उद्यापासून क्रीम फेकून दे, असा नाही. कुणी काजळ लावतं तसं तू क्रीम लावावंस. मन झालं तर लावायचं, लग्नाकार्याला लावायचं, कंटाळा आला तर नाही लावायचं. आज ते तुझ्यावर हुकूम चालवतं. ते नसेल तर घराबाहेर पडायचं नाही, ते निघेल म्हणून जेवायचं नाही. पहिली वजाबाकी मी ओठांपासून नाही, बोटांपासून करीन. नाहीतरी स्पंजवर ते टिकत नाही. बोटं मोकळी झाली की हात धुता येतात, आणि हात धुता आले की डबा खाता येतो.

सांगायचं कुणाला? तू ‘लोक’ म्हणतेस तेव्हा त्यात बसमधल्या शेजारणीपासून होणाऱ्या सासूपर्यंत सगळे येतात आणि त्या सगळ्यांची मिळून एक भिंत होते. त्यांना वेगळं कर. बसमधल्या बाईनं टक लावून पाहिलं तर तिला तू काही देणं लागत नाहीस, ना उत्तर, ना हसू. नातेवाईक मावशी दर भेटीत नवा वैद्य सुचवतात, त्यांना ‘डॉक्टरांचे उपचार चालू आहेत’ एवढं सांगून विषय बदलायचा. लहान मुलं विचारतात तेव्हा ती खरंच विचारत असतात, त्यांना खरं उत्तर द्यावं : ‘माझ्या कातडीचा रंग इथून गेलाय, दुखत नाही.’ त्यांचं तेवढ्यानं समाधान होतं. समजावून सांगण्याचे कष्ट घ्यायचे ते ज्यांच्यात तुला राहायचं आहे त्यांच्यासाठी, आणि तेही सगळ्यांना एकदम नाही.

मी त्या शेजारच्या काउंटरवरच्या ताईंपासून सुरुवात करीन. चौघींसमोर जेवताना जाहीर करू नकोस, त्यात तुझ्यावर आणि त्यांच्यावरही दडपण येतं. चारजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघतील आणि त्या एका क्षणाचा तू महिनाभर अर्थ लावत बसशील. संध्याकाळी कॅश जुळवून झाल्यावर, किंवा स्टँडपर्यंत दोघी चालत असाल तेव्हा बोल. लांबण लावू नकोस, रडवेलं होऊन माफी मागितल्यासारखं तर मुळीच नको. असं काहीसं : ‘ताई, त्या दिवशी तुम्ही त्या काकांचे पैसे दिलेत, मला तेव्हा बोलता आलं नाही. माझ्या हातांवर कोड आहे. कुणाला लागत नाही ते. क्रीम निघतं म्हणून मी तुमच्यात जेवायला बसत नव्हते, बाकी काही नाही. मला बसायला आवडेल.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. कोडाबद्दल सांगणं ही झाली माहिती, आणि माहिती ऐकून माणूस ‘असं होय’ म्हणून गप्प बसतं. ‘मला बसायला आवडेल’ म्हटलंस की समोरच्या बाईला काहीतरी करता येतं. त्या ‘अगं मग ये ना’ म्हणतील. आणि बाकीच्या तिघींना तू सांगायची वेळ बहुधा येणारच नाही. ते काम त्या ताईच करतील, आणि करू देत.

त्यांनी डबे बाजूला ओढले तर? हा प्रश्न तू हवेत विचारलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. असं करणारी माणसं आहेत. चौघींपैकी एखादी पहिले काही दिवस तुझ्या डब्यातली भाजी घेणार नाही, असं होऊ शकतं. तसं झालं तर दोन गोष्टींत फरक कर. एक बाई घाबरते, कारण तिला लहानपणापासून तसं सांगितलं गेलंय. तिला कळायला वेळ लागतो, पण ती शेजारी बसून राहते. दुसरी टोमणे मारते, पाठीमागे हसते, इतरांना भडकवते. पहिलीला वेळ दे. एकदा शांतपणे सांग की हा संसर्ग नाही, हवं तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि मग तिच्या भाजी घेण्या-न घेण्याकडे पाहत बसू नकोस. दुसरीच्या पसंतीसाठी धडपडू नकोस. चौघींपैकी तिघींशी जमलं तरी तुझी दुपार आजच्यापेक्षा कितीतरी बरी जाईल. चौघींनी मिळून तुला दूर केलं, तर ते दुःख खरं असेल, त्याची मी आत्ताच समजूत घालणार नाही. पण तेव्हा तुला निदान कळलेलं असेल की या ऑफिसात मैत्रिणी मिळणार नाहीत आणि त्या दुसरीकडे शोधायला तू मोकळी होशील. आज तू ना इथली आहेस ना कुठली.

काउंटरवर पुन्हा कुणी तसं बोललं तर काय म्हणायचं, ते आधी ठरवून ठेव, कारण अपमान झाल्यावर शब्द सुचत नाहीत. ‘काका, हे कोड आहे, लागत नाही कुणाला. नोटा मोजून घ्या.’ एवढं, नेहमीच्या आवाजात, आणि पैसे पुढे करायचे. घेतले तर ठीक. नाहीच घेतले, तर काउंटर सोडून तू उठायचं नाही. त्यांना साहेबांकडे जाऊ दे. त्याआधी तू स्वतः शाखाधिकाऱ्यांना एकदा भेटून सांगून ठेव की असं घडतं आणि घडलं तर मला तुमची साथ हवी. समजा ते म्हणाले की ‘मग तुला आतलं काम देतो’, तर विचार करून उत्तर दे. तुला आतलं काम आवडत असेल तर गोष्ट वेगळी. लपवण्यासाठी देत असतील तर नाही म्हण.

आपल्यासारखं आणखी कुणी भेटणं, यानंही फार फरक पडतो. कोड असलेली कॅनडाची मॉडेल विनी हार्लो तू इन्स्टाग्रामवर पाहतेस, आणि तिचे फोटो पाहून आणखी एकटं वाटतं असं लिहितेस. मी समजू शकते. ती मासिकांच्या मुखपृष्ठावर असते आणि तुला उद्या बाजारच्या दिवशीची गर्दी सांभाळायची असते. तुला भेटायला हवी ती एखादी शिक्षिका, एखादी नर्स, कोड असून रोज कामावर जाणारी. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली ‘श्वेता असोसिएशन’ कोड असलेल्यांचा स्वमदत गट चालवते, त्यांच्या बैठका होतात, वधू-वर मेळावेही झाले आहेत. एकदा जाऊन ये. लग्न तिथेच जमवायचं असं नाही. एका खोलीत सगळ्यांचेच हात डागांचे असले की कसं वाटतं, तेवढं अनुभवायला जा. आणि ‘सकाळी उठावंसंच वाटत नाही’ असं तू ओझरतं लिहिलं आहेस, ते मी ओझरतं वाचलेलं नाही. हे रोजचं झालं असेल तर सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

आता घर. तुझ्या आईवर रागावू नकोस, पण तिचं सगळंच ऐकूही नकोस. दही, ताक, लिंबू, भात बंद करून कोड कमी होत नाही. दुधावर मासे खाल्ल्यानं ते येतं हेही खरं नाही. पांढऱ्या खाण्याचा पांढऱ्या डागांशी संबंध नसतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे आईला बरोबर ने आणि हा प्रश्न तिच्यादेखत विचार. तू सांगून जे तिला पटत नाही ते डॉक्टरांच्या तोंडून पटेल. तिनं इतकी वर्षं जे पथ्य केलं ते मायेपोटीच, त्यामुळे ‘तुझं सगळं चुकलं’ असं म्हणू नकोस. थेट दही लाव आणि जेवायला बस.

स्थळांच्या बाबतीत मात्र मी आईच्या पूर्ण विरुद्ध आहे. ‘मुलाकडच्यांसमोर हात पुढे करायचा नाही’ हे तिचं सांगणं ऐकू नकोस. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्याला दिसणारच आहे, आणि तेव्हा त्याचा राग कोडावर नसला तरी लपवण्यावर असेल, आणि त्याचं चूक आहे असं म्हणता येणार नाही. कायद्याच्या अंगानंही हे धोक्याचं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमाखाली महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवल्याच्या कारणावरून विवाह रद्द करण्यासाठी कोर्टात जाता येतं, आणि अशा खटल्यात निकाल काहीही लागो, मुलीची फरफट होते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ मध्ये कायद्यातून काढून टाकलं. कोड तर त्या यादीत कधीच नव्हतं. तेव्हा भीती कोडाची बाळगायची नाही, लपवण्याची बाळगायची. मध्यस्थाला पत्रिका देतानाच सांगा. पुष्कळ स्थळं तिथेच थांबतील, आणि ते आई-बाबांना जड जाईल, तुलाही जाईल. पण जी पुढे येतील त्यांच्यासमोर चहाचा ट्रे धरताना तुझं लक्ष बोटांकडे राहणार नाही, त्या मुलाशी बोलण्याकडे राहील.

राहिली बहीण. ‘तिचं लग्न व्हायचंय’ हे कारण घरात सगळे देतात. आनुवंशिकतेचा भाग कोडात असतो, पण तो घरातल्या प्रत्येकात उतरतोच असं नाही. कोड असलेल्यांच्या बहुसंख्य भावंडांना आणि मुलांना ते होत नाही. हे तिच्या स्थळांना सांगता येतं. पण मला दिसतं ते असं की तिच्या नावानं तुला गप्प बसवलं आहे आणि तिला कुणी विचारलेलंच नाही. तुझ्या पत्रात ती दोन ओळींत येते : क्रीमचा बॉक्स तीच ऑनलाइन मागवते आणि बरोबर शेड निवडते. म्हणजे तिला सगळं माहीत आहे आणि ती तुझ्या बाजूनं आहे. तिच्याशी बोल. आईसमोर नको, दोघीच असताना. तू ऑफिसात सांगणार आहेस हे तिला आधी कळव, कारण गाव लहान आहे आणि बातमी तिच्यापर्यंत दुसऱ्याकडून जायला नको. ती ‘माझं लग्न होईपर्यंत थांब’ म्हणाली तर तिची भीती नीट ऐकून घे, डॉक्टरांनी सांगितलेलं तिला सांग, आणि मग तिला स्पष्ट सांग की ऑफिसातलं आणि माझ्या स्थळांचं मी ठरवणार आहे, तुझ्या स्थळांना काय आणि कधी सांगायचं ते तू ठरव.